रानहळदीची जागा

लग्न होऊन मी नाशिकला आले तेव्हा गंगापूर रोडच्या आमच्या कॉलनीत निवृत्त अधिकाऱ्यांचं पीक आलेलं होतं. पूर्वी तिथे द्राक्षांचे मळे होते. ते मोडून प्लॉट पडले आणि वेगवेगळ्या सरकारी खात्यांतून बाहेर पडलेली माणसं बंगले बांधून राहायला आली. आयुष्यभर सह्या करायची सवय, आणि आता सही मागायला कोणी येत नाही. म्हणून त्यांनी गुलाब लावले. माझे सासरे त्यांच्यातलेच. पाटबंधारे खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, आणि घरातल्या नळाचा वॉशर बदलायलासुद्धा माणूस बोलावणारे.

आमचा बंगला दक्षिणमुखी. पुढच्या अंगणात दिवसभर ऊन, आणि त्या उन्हात सासऱ्यांची बाग. प्रत्येक झुडपापाशी एक पत्र्याची पाटी, पाटीवर ऑइलपेंटनं इंग्रजीत नाव. नावं परदेशी राण्यांची, नट्यांची, कुठल्या कुठल्या सेनापतींची. सकाळचा चहा झाला की ते कात्री घेऊन या पाट्यांमधून फिरायचे. कुठे दवानं पाटीवर डाग पडला असेल तर खिशातल्या रुमालानं पुसायचे. फुलांकडेही बघणं होई, पण पाट्यांकडे आधी. घरात आलेल्या माणसाला बसा म्हणायच्या आधी ते बागेत न्यायचे, आणि त्या माणसानं एखादं नाव चुकीचं उच्चारलं तर त्याच्याबद्दलचं त्यांचं मत कायमचं ठरून जायचं.

कॉलनीत बागवाल्यांचं एक मंडळ होतं. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी अंगणात खुर्च्या मांडून ही मंडळी जमत, एकमेकांच्या गुलाबांचं तोंडावर कौतुक करत आणि फाटकाबाहेर पडल्यावर त्यांना नावं ठेवत. अध्यक्षपद एका कारखानदाराच्या बायकोकडे होतं. तिला आम्ही घरात अध्यक्षीणबाई म्हणायचो. ती बागेत येताना हातमोजे घालून यायची. ते हातमोजे मी कितीतरी वर्षं पाहिले, कधी मळलेले पाहिले नाहीत. चहा मी द्यायचा, बशा मी उचलायच्या, आणि बाई मला दर वेळी विचारायची की तुला बागेची आवड आहे का. मी उत्तर द्यायच्या आत ती पुढच्या झुडपाकडे वळलेली असायची.

घराच्या मागे, उत्तरेला, एक चिंचोळी पट्टी होती. एका बाजूला आमची भिंत, दुसऱ्या बाजूला कंपाउंड, आणि डोक्यावर मळ्याच्या काळातला एक जुना आंबा. घर बांधताना तो तोडायचा राहिला होता. तिथे ऊन पडायचंच नाही. जमीन काळी, चिकट. पावसाळ्यात चप्पल ओढून घेणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. सासऱ्यांनी तिथे आधी गुलाब लावून बघितले होते. ते बिचारे मान उंच करून उन्हाच्या दिशेनं वाढले आणि मेले. मग हिरवळीचे चौकोनी तुकडे आणून अंथरले, ते पिवळे पडले. मग क्रोटन आणले, त्यांची रंगीत पानं हळूहळू हिरवट आणि मग काळपट झाली. एवढं झाल्यावर त्यांनी निष्कर्ष काढला की जागा खराब आहे. त्यांच्या हातून काही बिघडलं की जागा खराब असायची, माल खराब असायचा किंवा माणसं खराब असायची.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत एकदा मी मागे कपडे वाळत घालत होते. ते आले, पट्टीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, की तुला काही लावायचं असेल तर ही जागा तुझी. असं म्हणाले जणू काही इनाम देतायत. मी बरं म्हटलं.

माझं माहेर हरसूलचं. त्र्यंबकच्याही पुढे, डोंगरात. वडील तिथल्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते आणि आम्ही दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये वाढलो. सासरी हे सगळ्यांना माहीत होतं, पण कोणी विचारलं तर सासरे सांगायचे की सूनबाईंचे वडील आरोग्य खात्यात होते. कंपाउंडर हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. क्वार्टरच्या मागच्या बाजूला उतार होता, वर सागाची आणि ऐनाची झाडं, आणि त्यांच्या सावलीत पावसाळ्यात रानहळद उगवायची. केळीसारखी रुंद, उभी पानं. पाऊस सुरू झाला की पहिली फुलं पानांच्या शेजारी थेट जमिनीतून यायची, पिवळीधमक. पुढे श्रावण-भाद्रपदात पानांच्या मधोमध दांडा यायचा, त्याच्या टोकाला गुलाबी-जांभळा तुरा आणि तुऱ्याखालच्या कप्प्यांमधून डोकावणारी पिवळी फुलं. गौरी आल्या की आई त्याच दांड्यांनी तांब्या भरायची. आमच्या घरात विकतची फुलं येत नसत, त्यामुळे लहानपणी मला वाटायचं की गौरीची फुलं म्हणजे हीच.

पहिल्या उन्हाळ्यात माहेरी गेले तेव्हा आईनं उतारावरचे थोडे कंद खणून दिले. आल्याच्या गड्ड्यासारखे, मुळांना छोट्या छोट्या गोळ्या लटकलेल्या. जुन्या साडीच्या तुकड्यात बांधून मी ते एसटीतून मांडीवर आणले. फाटकात सासरे उभे होते. त्यांनी विचारलं काय आहे, मी सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, की जंगलातलं गवत आणायला लोक बसचं भाडं भरतात हे त्यांना माहीत नव्हतं.

त्या वर्षी माझी फजिती झाली. मी कंद सरळ काळ्या मातीत पुरले. हरसूलच्या उतारावर पाणी थांबत नाही, इथे ते दिवसचे दिवस तुंबून राहिलं. थोडे कंद उगवले, बाकीचे सडले. उकरून बघितलं तर हाताला लगदा लागला. सासरे त्या बाजूनं जाताना नाकावर रुमाल धरायला लागले. एवढा वास येत नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात मी शहाणपणानं वागले. कॉलनीत एक घर बांधायचं काम चाललं होतं, तिथून मुरूम आणि विटांचे तुकडे मागून आणले. पट्टीवर विटांचा थर दिला, त्यावर मुरूम, त्यावर आंब्याचा कुजलेला पालापाचोळा आणि थोडी माती. वीतभर उंच वाफा तयार झाला. उरलेले आणि आईनं नव्यानं दिलेले कंद त्यात फार खोल न जाऊ देता लावले आणि वरून पुन्हा पाला पांघरला. पाणी मोजकंच घातलं. नवरा सुट्टीच्या दिवशी घमेली उचलायला आला, पण दोन घमेल्यांनंतर त्याची पाठ भरून आली.

पावसाळ्यात कोंब आले. हिरव्या, घट्ट गुंडाळलेल्या सुरळ्या. बघता बघता त्यांची पानं उलगडली आणि ज्या पट्टीत सगळं मरत होतं ती गच्च भरली. भाद्रपदात तुरे आले. मी रोज ऑफिसला जायच्या आधी मागच्या दारात उभी राहून चहा प्यायचे. घरात माझ्या मालकीची म्हणावी अशी ती एकच जागा होती.

सासरे एकदा बघायला आले. हात पाठीमागे बांधून त्यांनी पाहणी केली. वास नाही, म्हणाले. हार होत नाही. फुलदाणीत शोभणार नाही. आणि हळद म्हणायचं तर खाताही येत नाही. मग उपयोग काय? मी विचारलं नाही की तुमच्या राण्या आणि नट्या कोणत्या भाजीत घालतात. तेव्हा नवीन होते.

त्या वर्षी आई काही दिवस राहायला आली. आईला मोठ्या घरात अवघडल्यासारखं होई, म्हणून ती दिवसभर मागच्या पायरीवर बसायची. सासऱ्यांनी तिला रीतीप्रमाणे पुढची बाग दाखवली. एकेका पाटीपाशी थांबून नाव वाचलं. आई डोक्यावर पदर घेऊन त्यांच्या मागून चालत होती आणि दर नावाला मान हलवत होती. मी खिडकीतून बघत होते. ते आईशी जरा मोठ्यानं बोलत होते, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं. आईला चांगलं ऐकू यायचं.

परत जायच्या दिवशी मी तिला बस स्टँडवर सोडायला गेले. बस लागायची होती. आई पिशवी सावरत म्हणाली, "तुझा सासरा झाडं नाय लावत गं. पाट्या लावतो."

मी स्टँडवर उभ्या उभ्या एवढी हसले की शेजारच्या बाईनं वळून बघितलं. त्यानंतर कितीतरी वर्षं त्या घरात माझा तोल जायची वेळ आली की हे वाक्य मला पुरलं.

रानहळदीची एक रीत आहे. पाऊस संपला, थंडी पडायला लागली की तिची पानं पिवळी पडतात, वाळतात आणि आडवी होतात. वर काहीच राहत नाही. कंद मातीत निजून राहतो तो पुढच्या पावसाळ्यापर्यंत. मी वाळलेली पानं तिथेच पसरू द्यायचे, त्यांचंच पांघरूण व्हायचं. बघणाऱ्याला ती पट्टी मोकळी, कचऱ्यानं भरलेली दिसायची. मी सासऱ्यांना हे सांगितलं होतं. त्यांनी ऐकलंही होतं, म्हणजे माझं बोलून होईपर्यंत ते थांबले होते.

तिसऱ्या की चौथ्या वर्षी मंडळानं बागांची स्पर्धा ठेवली. परीक्षक घरोघरी येऊन पुढची-मागची सगळी बाग बघणार होते. सासऱ्यांना पहिलं बक्षीस हवं होतं. दिवाळीपूर्वी छाटलेले गुलाब ऐन भरात आले होते. अडचण होती ती फक्त मागच्या पट्टीची.

त्या दिवशी ऑफिसातून घरी आले तर मागचा वाफा उकरलेला. विटांचे तुकडे वर आलेले, मुरूम पायवाटेवर सांडलेला, आणि मधे नर्सरीतून आणलेली नेच्यांची रोपं रांगेत पुरलेली, काळ्या पिशव्यांसकट. रानहळद नव्हती. मी सासऱ्यांना विचारलं. ते व्हरांड्यात पाट्या रंगवत होते.

"मेलेलं होतं ते," ते म्हणाले. "मी साफ करून घेतलं. कोपऱ्यावर टाकलंय."

कोपऱ्यावर म्हणजे रस्त्याच्या वळणावरच्या उकिरड्यावर. मी पर्स ठेवली, मोरीतली बादली उचलली आणि गेले. संध्याकाळची वेळ, कॉलनीतली सगळी निवृत्ती फिरायला बाहेर पडलेली. मी ऑफिसच्या साडीत उकिरड्यावर उकिडवी बसून राख, भाज्यांची देठं आणि कुणाच्या तरी घरच्या फुटक्या बरण्यांमधून कंद वेचत होते. अध्यक्षीणबाई नवऱ्याबरोबर तिथून गेली. तिनं मला ओळखलं, आणि ओळखलं नाही असं दाखवायचं ठरवलं. ते तिला जमलं नाही, कारण चार पावलांवर जाऊन तिनं वळून बघितलं.

बादली घेऊन फाटकातून आत आले तेव्हा सासरे पायरीवर उभे होते. रस्त्यावरून लोक बघतायत याचा त्यांना राग आला होता.

मी म्हटलं, "बाबा, छाटणी केल्यावर तुमच्या गुलाबांच्याही नुसत्या काड्या राहतात. त्या टाकल्या का मी उकिरड्यावर?"

"गुलाबाची गोष्ट वेगळी," ते म्हणाले.

"काय वेगळी?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, बादलीकडे बघितलं. "गुलाब घरंदाज असतो," ते म्हणाले आणि आत गेले.

हे वाक्य झाडाबद्दल नव्हतं एवढं कळण्याइतकी मी मोठी होते. रात्री जेवायला वाढलं, त्यांनी मीठ मागितलं, मी दिलं. त्यानंतर बराच काळ आमच्यात मीठ आणि टपाल याखेरीज बोलणं झालं नाही. नवऱ्यानं दोघांची समजूत घालायचा प्रयत्न केला. त्याचा प्रयत्न म्हणजे मला एकटीला गाठून, बाबांचं वय झालंय, असं सांगणं. मी म्हटलं की उकिरड्यावर वाकून माझंही झालं.

कंद मी कोरड्या वाळूत घालून पत्र्याच्या जुन्या डब्यात, माळ्याच्या थंड कोपऱ्यात ठेवले. स्पर्धा झाली. परीक्षक आले, गुलाब हुंगले, मागे जाऊन नेचे बघितले. सासऱ्यांना उत्तेजनार्थ मिळालं. पहिलं बक्षीस अध्यक्षीणबाईच्या जावेला गेलं, तिची अर्धी बाग आदल्या आठवड्यात नर्सरीतून टेम्पोनं आली होती हे सगळ्यांनी पाहिलं होतं. सासरे घरी येऊन परीक्षकांच्या अडाणीपणाबद्दल बोलत राहिले. मला वाटलं, निवड बरोबर झाली. एवढ्या खोट्या माणसांत थोडं जास्त खोटं जिंकणारच.

नेचे एप्रिलपर्यंत टिकले. नाशिकचा एप्रिल त्यांना कोणी सांगितलेला नव्हता. त्यांच्या कुरकुरीत झालेल्या काड्या मी काढल्या, वाफा पुन्हा बांधला, कंद लावले आणि भोवती विटांची एक रांग उभी केली. नवऱ्याकरवी सासऱ्यांना निरोप दिला, की ही रांग कोणी ओलांडायची नाही. ते ओलांडत नसत. रांगेपाशी येऊन थांबत, घसा खाकरत आणि परत जात. रानहळद मात्र जोमानं वाढली. उकिरड्यावरच्या मुक्कामाचं तिला काहीच वाटलेलं दिसलं नाही. दर दोन-तीन वर्षांनी कंद दाटायचे, मी ते सोडवून पट्टीच्या पुढच्या भागात लावत जायचे. अशी ती आंब्याखालून सरकत सरकत घराच्या पश्चिम बाजूपर्यंत आली.

पुढे दोन हजार सालानंतर नाशिकची हवाच बदलली. कॉलनीतले म्हातारे एक एक करून जायला लागले, मुलं पुण्याला नाहीतर अमेरिकेला, आणि बंगले बिल्डरांकडे. आमच्या समोरचा, दक्षिणेचा बंगला विकला गेला. तिथे खांब उभे राहिले, खांबांवर स्लॅब, त्यावर आणखी स्लॅब. सासरे सुरुवातीला कुतूहलानं बघत होते. अभियंत्याची नजर, सळ्या नीट बांधल्यात का, काँक्रीटला पाणी मारतात का. ते रोज कंपाउंडपाशी उभे राहून मजुरांना सूचना द्यायचे आणि मजूर मान डोलावून जे करायचं तेच करायचे. सहावा मजला चढला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

उन्हाळ्यात फरक कळत नव्हता, सूर्य डोक्यावर असतो. दिवाळी झाली आणि इमारतीची सावली आमच्या अंगणावर पडली ती हलेचना. सकाळी सावली, दुपारी सावली, संध्याकाळ तर अंधारच. गुलाब ऐन थंडीत फुलतो आणि त्याला ऊन हवं असतं. छाटलेल्या काड्यांना लांबट, फिके फुटवे आले. पानांवर भुरीची पांढरी बुरशी बसली. सासऱ्यांनी द्राक्षवाल्यांकडून विचारून गंधक मारलं, दुसरं औषध मारलं, तिसरं मारलं. बिल्डरला जाऊन भेटले, महापालिकेत गेले, जिथे जिथे पूर्वी त्यांच्या हाताखाली काम केलेलं कोणी बसलं असेल तिथे तिथे गेले. सगळ्यांनी चहा पाजला. इमारत नियमात होती.

त्यांनी गुलाब कुंड्यांत घालून गच्चीवर न्यायचं ठरवलं. गडी लावून काही नेले. पण गुडघे गच्चीचा जिना चढू देत नव्हते, आणि पाणी घालायला मला सांगायची त्यांची तयारी नव्हती. गच्चीवरचे गुलाब उन्हानं गेले, खालचे सावलीनं. मंडळाची मंडळी आधी हळहळायला आली. मग येईनाशी झाली. दर महिन्याच्या खुर्च्या दुसऱ्यांच्या अंगणात पडू लागल्या आणि आमच्याकडे निरोप उशिरा पोचायला लागले.

एक दुपार आठवते. पौष महिना असेल. सासरे स्वेटर आणि माकडटोपी घालून मोकळ्या अंगणात उभे होते, पाट्या तशाच, पाट्यांमागे वाळलेल्या काड्या. ते मान मागे टाकून इमारतीकडे बघत होते. वरच्या मजल्यावर कोणीतरी गादी वाळत घातली होती, तिच्यावर भरपूर ऊन होतं. मला त्यांची कीव आली. पण तेवढ्यात ते वळले आणि मला म्हणाले, की बघत काय उभी आहेस, चहाची वेळ झाली. कीव फार वेळ टिकली नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात, मी मागे कंद सोडवत बसले होते, तेव्हा विटांच्या रांगेपाशी नेहमीचं खाकरणं ऐकू आलं. मी मान वर केली नाही. ते थांबून राहिले. शेवटी म्हणाले, "तुझ्या या झाडाचे काही जास्तीचे आहेत का?"

"आहेत."

"पुढे लावून बघू म्हणतो. आता तिकडेही सावलीच आहे."

एवढ्या वर्षांत मी या क्षणाची मनातल्या मनात बरीच तयारी केली होती. काय बोलायचं, कसं बोलायचं, सगळं ठरलेलं होतं. प्रत्यक्षात मी घमेलं पुढे सरकवलं आणि म्हटलं की खोल लावू नका, आणि रोज पाणी घालू नका. ते वाकू शकत नव्हते. मग मीच पुढे जाऊन गुलाबाच्या मुळ्या खणून काढल्या, मुरूम टाकला आणि कंद लावले. ते खुर्चीत बसून, इकडे लाव, तिकडे लाव, सांगत होते. उकिरड्याची गोष्ट त्यांनी काढली नाही, मीही काढली नाही. चूक झाली असं म्हणणारा माणूस तो नव्हता, आणि मला तसलं काही ऐकायचंही नव्हतं. मला त्यांनी माती उचललेली बघायची होती, ती काही त्यांनी उचलली नाही.

भाद्रपदापर्यंत पुढचं अंगण भरलं. रस्त्यावरून जाणारे थांबून बघायला लागले. आणि सासऱ्यांच्या अंगात पुन्हा जीव आला. त्यांनी कुठून तरी पुस्तक मिळवलं, त्यातून रानहळदीचं शास्त्रीय नाव काढलं आणि ते पत्र्याच्या नव्या पाटीवर रंगवलं. एकच झाड, पण पाट्या बऱ्याच, थोड्या थोड्या अंतरावर, सगळ्यांवर तेच नाव. फाटकापाशी कोणी थांबलं की हे काठी टेकत जायचे. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. सह्याद्रीची खास वनस्पती, ते सांगायचे. लोकांना आपल्या मातीतल्या गोष्टींची किंमत नाही. थंडीत नाहीशी होते, अडाणी लोकांना वाटतं मेली. मी स्वतः बरेच प्रयोग केले, इथली जमीन फार चिकट, तिला मुरूम घालून तयार करावं लागलं.

मी पोळ्या लाटत होते. लाटण्याचा उपयोग दुसरा काही करावा असं वाटलं, पण पोळ्याच लाटल्या.

त्या सुमारास देशी झाडांची टूम निघालेली होती. ज्या मंडळानं आयुष्यभर परदेशी राण्यांना पाणी घातलं त्यांनी एकाएकी ठराव केला की आता देशी झाडं लावायची. अध्यक्षीणबाई आमच्याकडे आली, पुष्कळ वर्षांनी. अंगणात फिरली, तुऱ्यांना बोट लावलं आणि सासऱ्यांना म्हणाली की तुम्ही काळाच्या पुढे होतात. सासऱ्यांनी ते नाकारलं नाही. मी चहा घेऊन आले तेव्हा तिनं मला विचारलं, की तुलाही बागेची आवड आहे का. मी म्हटलं, नाही.

मंडळाच्या कार्यक्रमात सासऱ्यांना शाल आणि मानपत्र मिळालं. नवरा मला चल चल म्हणत होता, म्हणून गेले. सासरे माईकसमोर बराच वेळ बोलले. हरसूल हा शब्द आला नाही. कुठल्याशा दौऱ्यावर असताना त्र्यंबकच्या डोंगरात हे झाड त्यांच्या नजरेला पडलं, अशी काहीतरी हकीकत त्यांनी सांगितली, आणि मला वाटतं सांगता सांगता त्यांना ती खरीही वाटू लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवरा माझ्याकडे बघत नव्हता. घरी येताना रिक्षात तो हळूच म्हणाला, की जाऊ दे, म्हाताऱ्या माणसाचं समाधान. मी म्हटलं, तू जाऊ देण्यात हुशार आहेस.

आई तेव्हा हरसूललाच होती, थकलेली. तिला मी जाऊन हे सगळं साग्रसंगीत सांगितलं. मला वाटलं ती चिडेल. तिनं एवढंच विचारलं, "झाड बरं हाय ना?" मी म्हटलं बरं आहे. मग तिनं मला जेवायला वाढलं.

त्यानंतर दोन वर्षांनी सासरे गेले. झोपेतच गेले, कोणाला त्रास न देता. आयुष्यात त्यांनी असं केल्याचं ते एकच उदाहरण. भेटायला येणाऱ्यांत अध्यक्षीणबाई होती. तिनं डोळ्यांना रुमाल लावला आणि म्हणाली, की त्यांची आठवण म्हणून त्या झाडाचे थोडे कंद मिळतील का. मी म्हटलं उन्हाळ्यात या. मला वाटलं विसरेल, पण ती ड्रायव्हरला घेऊन आली. मी पिशवीभर दिले आणि सांगितलं, सावलीत लावा, पाणी तुंबू देऊ नका, थंडीत पानं गेली की पाणी बंद करा. ती मान हलवत होती, डोळे गाडीकडे.

संक्रांतीच्या सुमाराला तिचा फोन आला. म्हणाली, तुमच्या सासऱ्यांचं झाड काही जगलं नाही. तिनं ते गच्चीवर ठेवलं होतं, चिनी मातीच्या मोठ्या कुंड्यांत, जिथे दिवसभर ऊन असतं. पानं वाळली तेव्हा घाबरून माळ्याला सकाळ-संध्याकाळ पाणी घालायला सांगितलं. उकरून बघितलं तर सगळं सडलेलं.

"मी सावलीत लावायला सांगितलं होतं," मी म्हटलं.

"अगं, सावलीत कोण बघणार ते?" ती म्हणाली. "मला वाटतं कंदच कमजोर होते."

मी असतील म्हटलं आणि फोन ठेवला. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "मग दुसरे दे की तिला. आपल्याकडे पुष्कळ आहेत."

मी त्याच्यासमोर मेथीची जुडी ठेवली आणि निवडायला सांगितली.